सँडहिल क्रौंचांचे कुटुंब दर वसंतात परत येते. नागपूरजवळ असे काही पाहता येईल का?

मानेवाडाकर (नागपूर)

माझी मुलगी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या अगदी कडेला राहते. तिच्या वसाहतीच्या मागे पावसाचे पाणी जिरवण्यासाठी राखलेले एक उथळ तळे आहे, त्याला लागून दलदलीचा पट्टा आहे आणि त्याच्याही पलीकडे मक्याची शेते सुरू होतात. निवृत्तीनंतर माझे बरेचसे वसंत तिच्याकडेच गेले. मार्च महिना संपत आलेला असतो, घरांच्या सावलीत बर्फाचे ढीग अजून शिल्लक असतात आणि अशा दिवसांत एका सकाळी दलदलीतून तुतारीसारखा खणखणीत आवाज येतो. तो ऐकला की वसाहतीतील माणसे एकमेकांना निरोप धाडतात की क्रौंच आले. सँडहिल क्रौंचांची ही एक जोडी असते आणि बहुतेक वर्षी तिच्यासोबत तिसराही एक पक्षी असतो. उंचीने तो त्या दोघांच्या बरोबरीचा दिसतो, परंतु त्याच्या कपाळावरचा लाल रंग अर्धवटच उमटलेला असतो.

पहिले काही दिवस तिघे एकत्र चरतात. कोणाच्या हिरवळीवरून, कोणाच्या गाडीच्या मागून, शाळेच्या बसला वाट न देता, आपल्याकडच्या गाईंच्या निर्धास्तपणे ते चालतात. एप्रिल लागला की दोन गोष्टी घडतात. राखाडी दिसणाऱ्या मोठ्या पक्ष्यांची पाठ हळूहळू तांबूस, गंजल्यासारखी होत जाते, आणि त्याच सुमारास ते दोघे त्या तिसऱ्याला हुसकावू लागतात. तो थोडा दूर जातो, पुन्हा परततो, पुन्हा मार खातो आणि एक दिवस दिसेनासा होतो. हे पाहताना शेजारच्या एक वृद्ध बाई फार कष्टी होतात. मलाही ते बघवत नाही, हे कबूल करते. मे महिन्यात त्याच जोडीमागून पिवळसर तपकिरी रंगाची एक-दोन पिल्ले चालू लागतात आणि मग मागचे सारे विसरले जाते.

या मंडळावर पक्ष्यांचे जाणकार पुष्कळ आहेत, म्हणून विचारते. दरवर्षी येणारे हे कुटुंब खरोखर तेच असते का, की आपण आपल्या समाधानासाठी तसे मानतो? हुसकावलेल्या पक्ष्याचे पुढे काय होते? पाठीचा रंग का बदलतो? आणि ज्यासाठी मुख्यतः लिहीत आहे तो प्रश्न असा की नागपूरच्या परिसरात, एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा अंतरावर, क्रौंचांचे असे कुटुंब वर्षानुवर्षे एकाच जागी पाहता येते का? माझे माहेर भंडारा जिल्ह्यातील. लहानपणी घरची वडीलधारी माणसे धानाच्या बांध्यांतल्या सारसांच्या जोडीविषयी बोलत असत, पण ते पाहण्याचा योग मला कधी आला नाही. अंबाझरीवर आणि गोरेवाड्याला मी नियमित जाते. तेथे लांब पायांचे मोठे पक्षी दिसतात, परंतु ते क्रौंच आहेत की आणखी कोणी, हे मला ओळखता येत नाही.

पाणथळ (नागपूर)

ताई, आपले निरीक्षण इतके नेमके आहे की अर्धी उत्तरे त्यातच आहेत. क्रमाने लिहितो.

कुटुंब तेच असते का, याचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक वेळा जोडी तीच असते, पण ती तीच आहे असे आपण म्हणतो ते जागेवरून. सँडहिल क्रौंच आपल्या विणीच्या जागेला घट्ट चिकटून असतात. एखाद्या जोडीने दलदलीचा एक तुकडा धरला की ती वर्षामागून वर्षे हिवाळी मुक्कामाहून थेट तेथेच उतरते आणि दुसऱ्या जोडीला त्या तुकड्यात पाय ठेवू देत नाही. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, नर किंचित मोठा इतकेच. त्यामुळे जोडीतील एक पक्षी मेला आणि त्याच्या जागी नवा आला, तरी लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. विस्कॉन्सिनमध्ये या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून अनेक वर्षे अभ्यास झालेला आहे. त्यातून दिसते की क्रौंचांची जोडी जन्मभराची असते ही समजूत बरीचशी खरी असली तरी पूर्ण खरी नाही. जोडीदार मेल्यावर उरलेला पक्षी लवकरच दुसरा जोडीदार आणतो, आणि काही वेळा दोन्ही जिवंत असतानाही जोडी फुटते. अशा प्रत्येक वेळी टिकून राहते ती जागा. तुमच्या मुलीच्या वसाहतीमागचे तळे उद्या बुजवले, तर तेच दोन पक्षी जिवंत असूनही तुमच्यापुरते ते कुटुंब संपलेले असेल. आणि तळे राहिले, तर पक्षी बदलूनही ते 'परत येत' राहील.

तिसरा पक्षी हे मागच्या वर्षीचे पिल्लू. सँडहिल क्रौंच साधारणपणे दोन अंडी घालतात, नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात, आणि पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर दिवसाभरातच आईबापांच्या मागे चालू लागतात. दोनपैकी एकच वाचण्याचा प्रकार नेहमीचा आहे. सुमारे सत्तर दिवसांत पिल्लू उडू लागते. शरद ऋतूत ते आईबापांबरोबर दक्षिणेकडे जाते, हिवाळा त्यांच्यासोबत काढते आणि वसंतात त्यांच्यासोबतच परतते. म्हणजे आपण मार्चमध्ये पाहता ते कुटुंब आपल्या एकत्र आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यांत असते. नवे घरटे घालायचे तर मोठ्या झालेल्या मुलाला तेथून काढावेच लागते, कारण त्या तुकड्यातील अन्न येणाऱ्या पिल्लांसाठी हवे असते. हुसकावलेला पक्षी मरत नाही. तो आपल्यासारख्याच अविवाहित तरुणांच्या थव्यात सामील होतो, काही वर्षे उंडारतो, जोडीदार शोधतो आणि मग स्वतःची जागा धरतो. शेजारच्या आजींना हे अवश्य सांगा; त्यांचे दुःख थोडे हलके होईल.

या पहिल्या हिवाळ्याचे महत्त्व सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. क्रौंचांना स्थलांतराचा मार्ग आईबापांच्या मागे एकदा उडून शिकावा लागतो. अमेरिकेतील डांग्या क्रौंच (व्हूपिंग क्रेन) 1941 साली जगात विसाहून किंचित अधिक उरले होते. पुढे पिंजऱ्यात वाढवलेली त्यांची पिल्ले विस्कॉन्सिनमध्ये सोडायची ठरली, तेव्हा त्यांना वाट दाखवायला कोणी वडीलधारे नव्हते. मग 2001 पासून पुढची अनेक वर्षे, पांढरे झगे घातलेली माणसे अतिहलक्या विमानात बसून त्या पिल्लांच्या पुढे उडत फ्लोरिडापर्यंत गेली. एका पिढीची साखळी तुटली की ती जोडायला किती खटाटोप करावा लागतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. खुद्द सँडहिल क्रौंचही 1930 च्या दशकात विस्कॉन्सिनमधून जवळजवळ संपले होते. शिकारीवर बंदी आली, दलदली राखल्या गेल्या, आणि आज ते वसाहतीत बसची वाट अडवतात.

रंगाविषयी. तो पिसांचा बदल नाही, ती रंगरंगोटी आहे. घरटे घालण्याच्या सुमारास हे पक्षी लोहयुक्त चिखल चोचीने उचलून पाठीवर आणि पंखांवर चोपडतात. वाळलेल्या तांबूस लव्हाळ्यात अंड्यांवर बसलेला पक्षी त्यामुळे सहज दिसत नाही. मान आणि डोके चोचीच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे तेवढे राखाडीच राहते. पुढच्या वेळी नीट पाहा.

नागपूरच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार माझ्यापेक्षा धानपट्ट्यातल्या मंडळींचा आहे, म्हणून थांबतो.

बांधीवरचा (मूळ गाव गोंदिया तालुका, सध्या नागपूर)

मानेवाडाकर ताई, तुमच्या वडीलधाऱ्यांनी जे सांगितले ते खरे आहे आणि ते अजून पुरते संपलेले नाही, पण संपण्याच्या बेतात आहे. सारस हा आपल्याकडचा क्रौंचच, आणि महाराष्ट्रात तो आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत तुरळक, आणि वैनगंगेपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात काही. गोंदियातील 'सेवा' ही संस्था, वन विभाग आणि गावोगावचे सारस मित्र मिळून दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस गणना करतात. अलीकडच्या गणनांमध्ये गोंदिया जिल्ह्याचा आकडा पन्नासच्याही आत राहिलेला आहे. नागपूरहून गोंदिया रेल्वेने दोन-अडीच तासांचे अंतर आहे, तेव्हा एका दिवसात जाऊन येणे शक्य आहे.

मात्र एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर चुकीच्या महिन्यात याल. तुमच्या मुलीकडे जे वसंतात घडते ते आमच्याकडे पावसाळ्यात घडते. सारस हजारो मैलांचे स्थलांतर करीत नाही. तो पाण्यामागे फिरतो. मृगाचा पाऊस पडून तलाव, बोड्या (लहान तळी) आणि धानाच्या बांध्या भरू लागल्या की जोडी आपल्या ठरलेल्या जागी परतते. रोवणीची धांदल चालू असते त्याच दिवसांत तलावाच्या काठच्या गवतात किंवा सरळ धानाच्या बांधीत, पाण्यातच, काड्यांचा आणि गवताचा मोठा ढीग रचून त्यावर ती अंडी घालते, बहुधा दोन. पाणी चढले तर पक्षी आणखी काड्या आणून घरटे उंच करतात. महिनाभराने पिल्ले बाहेर येतात. त्यांना उडायला जवळजवळ तीन महिने लागतात, म्हणजे धान कापणीला येतो तेव्हा पिल्लू अनेकदा अजून पायीच असते. सारसाच्या वर्षातला खरा जिकिरीचा काळ हाच, कारण आतापर्यंत लपायला उभा धान होता, तो आठ दिवसांत नाहीसा होतो आणि गावातली कुत्री मोकळ्या बांध्यांतून फिरू लागतात. ज्या गावात शेतकरी त्या दिवसांत लक्ष ठेवतात, त्या गावचे पिल्लू दिवाळीनंतरचा महिना पार करते.

ते पिल्लू हिवाळाभर आईबापांसोबत असते. त्याचे डोके आणि मान दालचिनी रंगाची असते, तर मोठ्यांच्या डोक्यापासून मानेच्या वरच्या भागापर्यंत पिसांविना लाल कातडी असते, त्यामुळे कुटुंब ओळखायला दुर्बिणीचीही गरज पडत नाही. मोठा सारस माणसाएवढा उंच, उडू शकणाऱ्या जगातील पक्ष्यांत सर्वांत उंच. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आईबाप आणि मध्ये पिल्लू असे तिघे कापलेल्या बांधीत दाणे, कंद आणि गोगलगाई वेचताना दिसतात. तुम्हाला मॅडिसनमध्ये एप्रिलात दिसणारी हुसकावणी आमच्याकडे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी होते.

मग वसंतात आणि उन्हाळ्यात काय? होळीनंतर बोड्या आटतात, बांध्यांना भेगा पडतात आणि सारस आपली जागा सोडून बारमाही पाण्याकडे सरकतात. परसवाडा, झालिया यांसारख्या तलावांवर आणि वाघ-वैनगंगेच्या पात्रात ते तेव्हा एकत्र येतात. गणना याच दिवसांत होते, कारण पक्षी मोजक्या ठिकाणी सापडतात. तेव्हा उन्हाळ्यात कोणी म्हणाले की आमच्या तलावावर सारस 'परत आले', तर त्याचा अर्थ आजूबाजूचे पाणी संपले असा घ्यावा. पावसाळ्यात ते आपापल्या बांध्यांत परत गेले, तरच त्यांना परत आले म्हणावे, असे माझे मत आहे.

पाणथळ यांनी जागेबद्दल लिहिले आहे ते सारसाला अधिकच लागू पडते. आमच्या भागात मालगुजारी काळातले तलाव शेकड्यांनी आहेत. त्यांच्या उथळ काठावर पूर्वी देवधान आणि नाना प्रकारचे गवत उगवत असे, ज्यांचे कंद आणि दाणे सारस खातो. बऱ्याच तलावांत आता काठाने बेशरम नावाची झुडपे माजलेली आहेत, मध्ये मासेमारीसाठी पाणी खोल केलेले आहे, आणि खोल पाणी सारसाच्या काही कामाचे नसते. त्याला गुडघाभर पाणी लागते. दुसरे कारण शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा. इतका मोठा पक्षी सकाळच्या धुक्यात खालून उठतो तेव्हा त्याला तार चुकवता येत नाही. तिसरे म्हणजे धानावरच्या कीटकनाशकांचे वाढते प्रमाण. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली सारसांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली, तेव्हा तारांचा प्रश्न निदान कागदावर आला.

शेतकऱ्याच्या बाजूनेही एक वाक्य लिहितो. घरटे असलेल्या बांधीत धानाचा एक तुकडा तुडवला जातो, निंदणी आणि फवारणी अडते, आणि पाहायला आलेली शहरी मंडळी धुऱ्यावरून चालताना उरलेला धान लोळवतात. पक्ष्याने केलेले नुकसान आमच्याकडे फारसे कोणी मनावर घेत नाही. पाहुण्यांनी केलेले मात्र घेतात.

सीताबर्डी

अंबाझरी आणि गोरेवाड्याचे उत्तर राहून गेले आहे, ते थोडक्यात देतो. तेथे आपल्याला दिसणारे उंच पक्षी बहुधा बलाक कुळातील आहेत: काळ्या अंगाचा आणि लोकरीसारख्या पांढऱ्या मानेचा कांडेसर, गुलाबी पिसांचा चित्रबलाक, किंवा चोचीच्या मध्ये फट असलेला मुग्धबलाक. राखी बगळाही असू शकतो. ओळखण्याची सोपी खूण अशी की पक्षी झाडावर बसला असेल तर तो आपल्याकडील क्रौंच नव्हे. क्रौंचाचे मागचे बोट आखूड आणि वर चढलेले असते, त्याला फांदी पकडता येत नाही. बगळा उडताना मान आखडून घेतो, क्रौंच आणि बलाक ती लांब करतात. आणि बलाक मुके असतात, फार तर चोच वाजवतात, तर क्रौंचाची लांब श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असल्यामुळे त्याचा आवाज मैलभर जातो. बाकी खरे क्रौंच म्हणायचे तर आपल्या देशात हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून कांड्या करकोचांचे थवे येतात, पण ते मार्चपर्यंत परत निघतात आणि येथे घरटे करीत नाहीत. त्यामुळे त्यांच्यात कुटुंब वर्षानुवर्षे पाहण्याचा आनंद मिळणार नाही.

मानेवाडाकर (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. पाठीवरचा तांबूस रंग चिखलाचा असतो हे वाचून मी मुलीने पाठवलेली जुनी छायाचित्रे पुन्हा उघडली. खरोखर मान राखाडी आणि पाठ तांबूस अशी स्पष्ट रेघ दिसते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलीच्या शेजारचे एक गृहस्थ या क्रौंचांना रोज मक्याचे दाणे टाकतात. पक्षी आता त्यांच्या दाराशी येऊन उभे राहतात आणि अलीकडे त्यांच्या गाडीच्या काचेवर चोची मारू लागले आहेत. गृहस्थांना वाटते की ते खाऊ मागत आहेत. यात काही वावगे आहे का? दुसरे असे की बांधीवरचा यांनी सांगितलेले कुटुंब पाहायचे झाल्यास, कोणालाही उपद्रव न होता ते कसे आणि केव्हा पाहावे? मला घरट्याजवळ जायचे नाही. तिघांना एकत्र चालताना पाहिले तरी पुरे.

पाणथळ (नागपूर)

काचेवर चोच मारणे ही खाऊची मागणी नाही. विणीच्या दिवसांत क्रौंचाला काचेत दुसरा क्रौंच दिसतो आणि आपल्या जागेत घुसलेल्या त्या परक्याशी तो भांडतो. काच झाकली किंवा गाडी गॅरेजमध्ये लावली की प्रकार थांबतो. पण पक्षी त्या दारापर्यंत पोहोचले ते दाण्यांमुळेच. माणसाची भीती गेलेला क्रौंच रस्त्यावर मरतो, कुत्र्याच्या तोंडी लागतो, आणि पिल्लालाही तेच शिकवतो. जे पिल्लू बेडूक, किडे आणि कंद शोधायला शिकायचे ते हिरवळीवर मक्याची वाट पाहत उभे राहते. फ्लोरिडा राज्यात सँडहिल क्रौंचांना खाऊ घालण्यास नियमानेच बंदी आहे. आपल्याकडे उत्तर प्रदेशात एका तरुणाने जखमी सारसाची शुश्रूषा केली, तो पक्षी बरा होऊनही त्याच्या मागेमागे फिरू लागला आणि शेवटी 2023 साली त्या पक्ष्याला प्राणिसंग्रहालयात ठेवावे लागले. त्या तरुणाच्या मनात माया होती याविषयी मला शंका नाही, तरीही शेवट पिंजऱ्यातच झाला. राजस्थानातील खीचन गावात कांड्या करकोचांना पिढ्यान्‌पिढ्या धान्य घातले जाते, हे उदाहरण कोणीतरी देईल म्हणून आधीच सांगतो: तेथे हजारोंचा थवा ठरावीक आवारात उतरतो आणि हिवाळा संपला की निघून जातो. पिल्ले वाढवणाऱ्या एकाच जोडीला दारात बोलावणे ही वेगळी गोष्ट आहे.

धुरा (भंडारा)

एक विनंती. वर दोन तलावांची नावे आली आहेत. अशी नावे उघडपणे लिहू नयेत असे मला वाटते. मागे एका गावात घरट्याचे ठिकाण फिरले आणि पुढच्या रविवारी कॅमेरेवाल्यांच्या गाड्या बांधावर उभ्या राहिल्या. जोडी दिवसभर अंड्यांवर बसू शकली नाही. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी स्थानिक सारस मित्राला गाठावे, परस्पर जाऊ नये.

बांधीवरचा (मूळ गाव गोंदिया तालुका, सध्या नागपूर)

धुरा यांची चिंता योग्य आहे, पण मी लिहिलेले तलाव वर्तमानपत्रांत कितीतरी वेळा येऊन गेले आहेत आणि तेथे घरटी नाहीत, उन्हाळी मुक्काम आहे. घरट्याची बांधी मी सख्ख्या भावालाही सांगत नाही. शिवाय नावेच दडवली तर त्या तलावात उद्या गाळ टाकला किंवा काठ बुजवला, तेव्हा ओरडणारे कोणी उरणार नाही, हीही बाजू आहे. या बाबतीत आमचे दोघांचे मत जुळेल असे दिसत नाही, आणि जुळलेच पाहिजे असेही नाही.

ताई, तुम्ही डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत या. पिल्लू तोवर उडू लागलेले असते, कापणी आटोपलेली असते, त्यामुळे तुमच्या पायाखाली कोणाचा धान येत नाही आणि पक्ष्यांनाही दूर सरकायला मोकळी जागा असते. आदल्या दिवशी गोंदियाला मुक्काम करावा हे उत्तम, कारण तिघे बहुधा सकाळी धुके विरताना चरायला उतरतात आणि ऊन चढले की पाण्याकडे जातात. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी, बांधीत उतरू नये, भडक कपडे टाळावेत. सारस चरणे थांबवून मान ताठ करून तुमच्याकडे पाहू लागला की तुम्ही जवळ गेलेले आहात, तेव्हा तेथूनच मागे फिरावे. नशीब असेल तर जोडीचे जुगलगान ऐकायला मिळेल: नर चोच आकाशाकडे करून एक दीर्घ हाक देतो आणि मादी त्याच्या प्रत्येक हाकेला दोन-तीन आखूड हाकांनी उत्तर देते. दिसायला सारख्या पक्ष्यांत नर कोण आणि मादी कोण हे ओळखण्याची लांबून तेवढीच एक खात्रीची रीत आहे. सँडहिल क्रौंचांतही असेच असते असे ऐकतो. मॅडिसनला गेलात की पडताळून येथे लिहा.

येण्यापूर्वी मला या मंडळावर निरोप पाठवा. माझे काका गावीच असतात आणि यंदा कोणत्या शिवारात कुटुंब चरते आहे ते त्यांना माहीत असते. चहा त्यांच्याकडेच घ्यावा लागेल, त्याला नाही म्हणता येणार नाही.